जवळचं रुग्णालय की योग्य रुग्णालय? नकाशा हे कसं ठरवतो

समजा, एका माणसाचं बोलणं अचानक अडखळायला लागलं, चेहरा एका बाजूला ओढला गेला आणि उजवा हात उचलेनासा झाला. ही स्ट्रोकची, म्हणजे बऱ्याचदा मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकल्याने येणाऱ्या झटक्याची लक्षणं. अँब्युलन्स आली. ९ मिनिटांवर एक रुग्णालय आहे. तिथे सीटी स्कॅन आहे, गुठळी विरघळवणारं औषध आहे. पण मेंदूच्या रक्तवाहिनीत नळी घालून गुठळी ओढून काढणारी टीम नाही. ती टीम असलेलं रुग्णालय २६ मिनिटांवर आहे. गाडी कुठे वळवायची?

फोनवरच्या कुठल्याही नकाशाला विचारलं तर तो पहिल्या रुग्णालयाचं नाव सांगेल. त्याचं चुकलं असंही नाही. आपण त्याला विचारलं होतं, 'सगळ्यात लवकर कुठल्या दारात पोचता येईल?' आणीबाणीत विचारायला हवा तो प्रश्न वेगळा असतो: या रुग्णाला लागणारा नेमका उपचार सगळ्यात लवकर कुठे सुरू होईल? ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांच्या उत्तरांत कधीकधी तीन-तीन तासांचा फरक पडतो.

हे तीन तास कुठून आले? अमेरिकेत स्ट्रोकच्या जवळपास १ लाख ९ हजार रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका रुग्णालयात आलेल्या रुग्णाला पुढच्या रुग्णालयात हलवावं लागलं, तर पहिल्या दारातून आत गेल्यापासून पुन्हा बाहेर पडेपर्यंत किती वेळ जातो, हे त्यात मोजलं होतं. मध्यक निघाला १७४ मिनिटं. म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याहूनही जास्त वेळ लागला. यात रस्त्यावरचा वेळ धरलेलाच नाही. स्कॅन काढणं, तो वाचणं, फोनाफोनी, पुढे जागा आहे का याची खात्री, कागदपत्रं, दुसऱ्या अँब्युलन्सची वाट पाहणं, यातच हा वेळ गेला.

हा आकडा धरला की सगळी आकडेमोड उलटीपालटी होते. आपल्या उदाहरणातल्या रुग्णाची मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल, तर ९ मिनिटांवरचं रुग्णालय गुठळी काढण्याच्या हिशेबात तीन तासांहून लांब पडतं. पण छोटी वाहिनी बंद झाली असेल आणि औषधावरच भागणार असेल, तर पहिल्या रुग्णालयात तेच औषध १७ मिनिटं आधी मिळालं असतं. यातलं नेमकं काय झालंय, हे अँब्युलन्समध्ये कोणालाच पक्कं माहीत नसतं. रुग्णाला कुठे न्यायचं हे सुचवणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरची खरी झटापट या अनिश्चिततेशी असते. नकाशा हा त्यातला आपल्याला दिसणारा भाग.

आजार बदलला की अंतरं बदलतात

हृदय बंद पडलंय, श्वासनलिकेत अडकलेलं काही निघत नाहीये, रक्तस्राव दाबूनही थांबत नाही, अशा वेळी निवडीला फारशी जागा नसते. जिथे श्वासाची आणि रक्ताभिसरणाची तातडीची सोय होईल असं सगळ्यात जवळचं ठिकाण गाठायचं. हा नियम सहसा बाकी सगळ्या नियमांच्या वर ठेवलेला असतो. दुसऱ्या टोकाला मुरगळलेला घोटा किंवा साधा ताप. तो रुग्ण कुठेही गेला तरी चालतं. उलट गर्दी कमी असेल तिकडे गेलेला बरा. सगळी कसरत असते ती या दोहोंच्या मधल्या रुग्णांसाठी.

स्ट्रोकचं उदाहरण पाहिलंच. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नळी घालून गुठळी काढण्याचा उपचार, म्हणजे थ्रॉम्बेक्टॉमी, प्रभावी असल्याचं २०१५ मध्ये लागोपाठ प्रसिद्ध झालेल्या पाच मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. पुढे २०१८ मध्ये निवडक रुग्णांसाठी ही मुदत २४ तासांपर्यंत वाढली. मुदत वाढली याचा अर्थ घाई संपली असा मात्र नाही. मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा एक बहुचर्चित अंदाज आहे.

हार्ट अटॅकमध्ये गणित थोडं सोपं आहे, कारण ईसीजी अँब्युलन्समध्येच काढता येतो आणि हृदयाची मोठी धमनी पूर्ण बंद झाल्याच्या खुणा त्यात बऱ्याचदा स्पष्ट दिसतात. अमेरिकेतल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्य कर्मचारी रुग्णापाशी पोचल्यापासून ९० मिनिटांत अँजिओप्लास्टीने धमनी उघडायला हवी. दुसऱ्या रुग्णालयात हलवावं लागणार असेल तर १२० मिनिटांत. तेवढ्यातही जमणार नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं. म्हणजे इथे नकाशाच्या उत्तरावर उपचारच बदलतो. प्रवासासकट धमनी उघडेपर्यंतचा अंदाज १२० च्या अलीकडे आला तर एक उपचार, पलीकडे गेला तर दुसरा. रस्त्यावरच्या मिनिटांना वैद्यकीय चाचणीच्या निकालाइतकं वजन येतं अशी उदाहरणं फार नाहीत.

अपघातातल्या गंभीर जखमींचा पुरावाही बोलका आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात वरच्या दर्जाच्या ट्रॉमा सेंटरमध्ये उपचार झालेल्यांपैकी १०.४ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले. ट्रॉमा सेंटर नसलेल्या रुग्णालयांत हे प्रमाण १३.८ टक्के होतं. तुलना करताना जखमांची तीव्रता आणि वय यांतले फरक हिशेबात धरले होते. 'गोल्डन अवर' हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो. बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. अ‍ॅडम्स काउली यांनी तो रुजवला. मात्र नेमका ६० मिनिटांचाच काटा धरायला भक्कम पुरावा नाही. उशीर वाईट हे खरं, पण ५९ व्या आणि ६१ व्या मिनिटात काही दार बंद होत नाही. तरीही कित्येक नकाशांवर एक तासाची रेघ अशी ठसठशीत काढलेली असते की जणू तिच्या पलीकडे माणसं वाचतच नाहीत. ती रेघ आखणीच्या सोयीची आहे, निसर्गाने आखलेली नाही.

साप चावला असेल तर प्रश्न आणखी वेगळा. मोठं रुग्णालय नको, प्रतिविष साठ्यात असलेलं आणि गरज पडली तर कृत्रिम श्वास देऊ शकणारं रुग्णालय हवं. ते लहानसं आरोग्य केंद्रही असू शकतं. भाजलेल्यांसाठी बर्न युनिट, अडलेल्या बाळंतिणीसाठी शस्त्रक्रिया, रक्त आणि नवजात बाळाची काळजी एकाच छताखाली. प्रत्येक वेळी त्याच शहराचा वेगळाच नकाशा तयार होतो.

रस्ता मोजायचा कसा

सगळ्यात भाबडी पद्धत म्हणजे सरळ रेषेतलं अंतर. मध्ये नदी असेल आणि पूल चार किलोमीटर वर असेल, तर ही पद्धत सपशेल फसते. हेलिकॉप्टरला सरळ रेष चालते खरी, पण तिथे उड्डाणाची तयारी, उतरायची जागा आणि दोन्ही टोकांना रुग्णाची गाडीतून चढउतार हा वेळ मिळवावा लागतो. त्यामुळे थोड्या अंतरासाठी जमिनीवरची गाडीच बऱ्याचदा आधी पोचते.

रस्त्यांसाठी संगणक सगळं शहर बिंदू आणि जोडरेषांच्या जाळ्यात मांडतो. चौक म्हणजे बिंदू, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे जोडरेषा आणि प्रत्येक जोडरेषेवर लिहिलेलं असतं ती पार करायला किती सेकंद लागतात. मग सुरुवातीच्या बिंदूपासून पाटाचं पाणी सोडल्यासारखा शोध पसरत जातो. जिथे आधी पोचेल तो चौक आधी पक्का होतो आणि तिथून शोध पुढे सरकतो. ही रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. आजच्या प्रणाली त्यात बऱ्याच युक्त्या मिसळतात, महत्त्वाच्या रस्त्यांचे टप्पे आधीच मोजून ठेवतात आणि हजारो जोड्यांचे वेळ क्षणात देतात. गणिताचा हा भाग खरं तर सुटलेला आहे. अडचण त्या जोडरेषांवर लिहिलेल्या सेकंदांची आहे.

ते सेकंद कुणाचे? फोनवरच्या नकाशांतले वेळ सर्वसाधारण गाड्यांच्या हालचालींवरून काढलेले असतात. अँब्युलन्स सायरन लावून जाते, काही ठिकाणी तिला बसच्या मार्गिकेतून जाता येतं, सिग्नल ओलांडता येतो. उलट आत गंभीर रुग्ण असेल तर ती खड्ड्यातून आणि वळणावर हळूच जाते. म्हणून जाणत्या सेवा स्वतःच्याच गाड्यांच्या जुन्या जीपीएस नोंदी काढतात, त्या रस्त्यांवर बसवतात आणि कुठल्या वारी, कुठल्या वेळी, कुठल्या रस्त्यावर आपल्या गाडीचा वेग किती होता हे त्यातून शिकतात. सायरनमुळे वाचणारा वेळ लोकांना वाटतो त्याहून बराच कमी असतो. शहरातल्या मोजमापांत तो सहसा मोजक्याच मिनिटांचा निघतो.

दुसरी गोष्ट सरासरीची. एका मार्गाला सरासरी १८ मिनिटं लागतात. पण कधी १२, तर वाटेतलं रेल्वे फाटक बंद असलं की ४०. दुसऱ्याला सरासरी २१ लागतात, पण १९ ते २४ च्या बाहेर तो कधी जात नाही. सरासरीवर चालणारा नकाशा पहिला मार्ग दाखवेल. रुग्ण आत असताना मी तरी दुसरा घेईन. म्हणून आणीबाणी सेवांच्या हिशेबात सरासरीबरोबर 'दहापैकी नऊ वेळा किती मिनिटांच्या आत पोचतो' हा आकडा पाहिला जातो.

तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मिनिटं खाते ती हीच: रुग्णालयाचा बिंदू नेमका कुठे आहे? नकाशात तो बऱ्याचदा इमारतीच्या छताच्या मध्यभागी ठेवलेला असतो. प्रणाली त्या बिंदूला सगळ्यात जवळचा रस्ता शोधते. तो निघतो मागच्या गल्लीतला, मध्ये उंच भिंत आणि इमर्जन्सीचं फाटक पार पलीकडे. अशा वेळी गणित अचूक असूनही गाडी भिंतीपाशी उभी राहते. उपाय साधा आहे: बिंदू इमारतीवर न ठेवता अँब्युलन्सच्या प्रवेशदारावर ठेवायचा. अक्षांश-रेखांशाचा चौथा दशांश सुमारे ११ मीटरचा असतो, पाचवा सुमारे १ मीटरचा. फाटक ओळखायला पाचवा लागतो. कोणीतरी त्या फाटकाशी जाऊन, उभं राहून ही नोंद करावी लागते. चकचकीत सॉफ्टवेअरच्या निविदांमध्ये हे काम कोणी लिहीत नाही.

या सगळ्यातून तयार होतात समकाल रेषा, म्हणजे एका ठिकाणापासून १०, २०, ३० मिनिटांत पोचता येणाऱ्या प्रदेशांच्या सीमा. कल्पना जुनीच आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८१ मध्ये लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं याचा रंगीत नकाशा काढला होता. आता दिवसांच्या जागी मिनिटं आली, आणि सीमा सकाळी एक, संध्याकाळी दुसरीच असते.

रुग्ण कुठे आहे हेही आधी कळायला हवं, तो भाग थोडक्यात सांगतो. घाबरलेल्या माणसाला पत्ता नीट सांगता येत नाही. म्हणून आणीबाणीचा क्रमांक लावताच फोन आपणहून आपलं ठिकाण नियंत्रण कक्षाला कळवतो, अशी सोय २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. अँड्रॉइड फोनमध्ये ती २०१६ पासून आणि आयफोनमध्ये २०१८ पासून येत गेली. ती प्रत्यक्ष चालायला त्या त्या देशाच्या यंत्रणेने जोडून घ्यावी लागते.

बिंदूच्या मागे काय दडलंय

आता सगळ्यात अवघड भागाकडे येऊ. नकाशावरचा लाल अधिक चिन्हाचा बिंदू काहीच सांगत नाही. त्यामागे एक तक्ता लागतो: सीटी स्कॅन आहे का? कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, आहे का? ती रात्री चालते का? न्यूरोसर्जन आवारात असतो की घरून बोलवावा लागतो? कुठल्या गटाचं रक्त आहे? लहान मुलांसाठी व्हेंटिलेटर?

यातली काही माहिती संथ असते. कॅथलॅब रातोरात उगवत नाही. ती वर्षातून दोनदा तपासली तरी चालते. काही माहिती दर तासाला बदलते: आयसीयूत जागा, बिघडलेलं यंत्र, एकाच वेळी दोन शस्त्रक्रियांत गुंतलेली टीम. या दोन प्रकारच्या माहितीला एकाच रकान्यात कोंबलं की प्रणाली कोलमडते. सकाळी आठला कोणीतरी '३ बेड शिल्लक' असं भरलं आणि रात्री अकरालाही पडद्यावर ३ च दिसतंय, तर ती माहिती नसण्यापेक्षा वाईट. नसती तर चालकाने फोन तरी केला असता. म्हणून चांगल्या पडद्यावर आकड्याशेजारी तो कधी भरला हे दिसतं, आणि ठरावीक वेळ उलटली की आकडा फिका पडतो किंवा नाहीसा होतो.

मग ताजी माहिती भरायची कोणी? रुग्णालयातल्या परिचारिकेला आधीच हजार कामं असतात. तिच्याकडून दर तासाला रकाने भरून घेण्याच्या योजना सहसा पहिल्या काही आठवड्यांनंतर थंडावतात. जपानमधल्या सागा प्रांताने २०११ मध्ये यावर एक झकास तोडगा काढला. तिथे रुग्णालयांनी भरायची माहिती नीट ताजी राहत नव्हती. त्यांनी सगळ्या अँब्युलन्समध्ये टॅब्लेट दिले आणि नोंद करायचं काम गाडीतल्या कर्मचाऱ्यांकडे सोपवलं. कुठल्या रुग्णालयाने रुग्ण घेतला, कोणी नाकारला, हे त्या क्षणी भरलं जातं आणि मागच्या गाडीला लगेच दिसतं. माहितीची गरज ज्याला सगळ्यात जास्त, त्यानेच ती भरायची. ओसाकामध्येही २०१३ पासून अँब्युलन्स कर्मचाऱ्यांच्या स्मार्टफोनवरून अशी नोंद होऊ लागली आणि पुढे रुग्णाचं काय झालं ही रुग्णालयाची माहितीही तिला जोडली गेली. हे दुसरं पाऊल फार मोलाचं आहे. त्याशिवाय आपण रुग्णाला योग्य जागी नेलं होतं की नाही हे कधीच कळत नाही.

आपत्तीत तर रस्त्यांचा तक्ताही एका दिवसात खोटा ठरतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानीचे तपशीलवार रस्ते कुठल्याच खुल्या नकाशात धड नव्हते. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहांच्या आणि विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून काही दिवसांत ते काढले आणि मदत पथकांनी तेच वापरले.

गाळणी आणि क्रम

रुग्णाचं ठिकाण, रस्त्यांचे वेळ आणि रुग्णालयांचा तक्ता हाती आला की प्रणाली साधारण दोन पायऱ्यांत काम करते. आधी गाळणी: या रुग्णाला लागणारी सोय नसलेली रुग्णालयं बाजूला. मग क्रम: उरलेल्यांत उपचारापर्यंतचा वेळ कुठे सगळ्यात कमी? हा वेळ म्हणजे प्रवास, दारातून उपचाराच्या टेबलापर्यंतचा वेळ आणि हलवावं लागण्याची शक्यता असेल तर त्याचा भार. दारापासून टेबलापर्यंतचा वेळ प्रत्येक रुग्णालयाचा वेगळा असतो. चार मिनिटं लांब असलेलं, पण रुग्ण पोचायच्या आधीच टीम तयार ठेवणारं रुग्णालय या हिशेबात सहज पुढे जातं.

ऐकायला सगळं सरळ वाटतं. पण गाळणी लावायची तर रुग्णाला काय झालंय हे ठाऊक हवं, आणि आपण पाहिलं तसं ते ठाऊक नसतं. काही शहरांत सीटी स्कॅन असलेल्या अँब्युलन्स आहेत. जर्मनीतल्या होमबुर्गमध्ये २००८ मध्ये असा पहिला प्रयोग सुरू झाला. पण त्या महागड्या आणि मोजक्या आहेत. बाकी ठिकाणी चेहरा, हात, बोलणं, नजर यांना गुण देऊन अंदाज बांधतात. हा अंदाज बरेचदा चुकतो.

तो चुकल्यावर काय होतं, हे स्पेनमधल्या कॅटलोनियात मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. मोठी वाहिनी बंद असल्याचा संशय असलेल्या १,४०१ रुग्णांपैकी काहींना जवळच्या स्ट्रोक केंद्रात नेलं, काहींना ते ओलांडून थेट थ्रॉम्बेक्टॉमी होणाऱ्या लांबच्या केंद्रात. २०२२ मध्ये निकाल आला: ९० दिवसांनंतरच्या प्रकृतीत दोन्ही गटांत फरक नाही. शिवाय यातल्या ज्यांना गुठळीऐवजी मेंदूत रक्तस्राव झाल्याचं निघालं, त्यांची स्थिती लांबच्या केंद्रात थेट नेल्यावर अधिक वाईट राहिली.

मग सुरुवातीचा १७४ मिनिटांचा युक्तिवाद खोटा का? नाही. चाचणी झाली ती ग्रामीण आणि निमशहरी भागात, आणि तिथली स्थानिक केंद्रं रुग्णाला पुढे पाठवण्यात तरबेज होती. जिथे हलवायला तीन तास लागतात तिथे थेट जाणं फायद्याचं ठरू शकतं. जिथे ते काम चटकन होतं तिथे जवळचं केंद्र तितकंच चांगलं. म्हणून एका प्रदेशातलं सॉफ्टवेअर उचलून दुसरीकडे जसंच्या तसं बसवता येत नाही. त्यातले आकडे त्या त्या रुग्णालयांच्या सवयींचे असतात.

आणखी एक गुंता. सगळ्यात चांगलं रुग्णालय प्रत्येकाला सुचवलं, तर तासाभरात तेच सगळ्यात वाईट होतं. दाराशी अँब्युलन्सची रांग लागते, रुग्ण स्ट्रेचरवर ताटकळतात. म्हणून प्रणालीला वाटेत असलेल्या गाड्याही मोजाव्या लागतात. त्यांतल्या रुग्णांना लागणाऱ्या बेडवर अजून कोणी नसलं तरी ते भरलेले धरावे लागतात. गर्दी झाली की 'आमच्याकडे गाड्या पाठवू नका' असं सांगायची मुभा काही ठिकाणी रुग्णालयांना असते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १ जानेवारी २००९ पासून ती जवळजवळ काढूनच घेतली. गोंधळ माजेल अशी भीती होती, पण बॉस्टनच्या रुग्णालयांच्या पाहणीत आपत्कालीन विभागातला मुक्काम वाढल्याचं दिसलं नाही. प्रश्न दारात नव्हता, आत वॉर्डात बेड रिकामे न होण्यात होता. एका रुग्णालयाने दार लावलं की गर्दी शेजारी जाते, मग शेजारीही दार लावतो, आणि नकाशावरचे बिंदू एकेक करून विझत जातात.

लांब गेलेली अँब्युलन्स तितका वेळ आपल्या भागात नसते, हाही खर्चच. २६ मिनिटं जायची, तेवढीच यायची, मध्ये रुग्ण सोपवायचा. त्या तासाभरात त्या भागातून दुसरा फोन आला तर? एका रुग्णासाठी घेतलेला योग्य निर्णय, अजून न आलेल्या रुग्णाच्या वाट्यातून घेतलेला असतो. काही नियंत्रण कक्ष म्हणून शेजारच्या भागातली रिकामी गाडी मध्यावर आणून उभी करतात.

रुग्णालयच कुठे असावं

हीच साधनं उलटी फिरवली की प्रश्न बदलतो: गाडी कुठे न्यायची यापेक्षा, सोय कुठे उभारायची?

लंडनने २०१० मध्ये हे स्ट्रोकसाठी करून पाहिलं. आधी सुमारे ३० रुग्णालयं स्ट्रोकचे रुग्ण घेत. ती कामं ८ विशेष केंद्रांत एकवटली, आणि ती निवडताना शहरातल्या कोणालाही अँब्युलन्सने ३० मिनिटांत त्यांतल्या एकात पोचता यावं अशी आखणी केली. बरेच रुग्ण जवळचं रुग्णालय ओलांडून पुढे जाऊ लागले. लोकांचा विरोध झालाच. आपल्या भागातली सोय जाते हे कोणाला आवडेल? पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात इंग्लंडच्या इतर भागांतल्या सुधारणेच्या तुलनेत लंडनमधलं ९० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण आणखी शेकडा १.१ ने घटलेलं दिसलं. २०१० मध्येच मँचेस्टरनेही असा बदल केला होता, पण तिथे विशेष केंद्रात न्यायचं ते लक्षणं सुरू होऊन ४ तास झाले नसतील अशाच रुग्णांना. मृत्यूंमध्ये तसा फरक तिथे आढळला नाही. मला यातलं सगळ्यात उपयोगी वाटतं ते हे: लंडनचा नियम एका ओळीत सांगता येत होता. नियमाला जितक्या अटी, तितके रुग्ण रात्री अडीच वाजता चुकीच्या दारात.

रस्तेच अपुरे आहेत तिथे जागतिक आरोग्य संघटनेचं 'अ‍ॅक्सेसमॉड' नावाचं मोफत साधन वापरतात. ते रस्त्यांच्या जाळ्याऐवजी सगळा प्रदेश लहान चौकोनांत वाटतं आणि उतार, जंगल, पाणी, पायवाट यांनुसार प्रत्येक चौकोन ओलांडायला लागणारा वेळ मांडतं, अगदी पायी चालणाऱ्यासाठीसुद्धा. अशाच पद्धतीने २०१८ मध्ये काढलेल्या हिशेबात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले सुमारे २९ टक्के लोक सार्वजनिक रुग्णालयापासून दोन तासांहून लांब राहतात असं निघालं. दोन तासांची ही मर्यादा बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाशी जोडलेली आहे. तो थांबवला नाही तर आईच्या जिवावर बेतायला साधारण इतकाच वेळ लागतो.

तुमच्या हातातल्या फोनचं काय

साध्या नकाशात 'रुग्णालय' असं शोधलं तर डोळ्यांचा दवाखाना, दातांचा दवाखाना, दिवसाच चालणारं क्लिनिक आणि मोठं ट्रॉमा सेंटर यांना एकसारखेच बिंदू मिळतात. '२४ तास सुरू' असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ स्वागतकक्ष उघडा आहे, कॅथलॅब सुरू आहे असा होत नाही. वर उल्लेख केलेले तक्ते या नकाशांत नसतात. ते नियंत्रण कक्षाकडे असतात, जिथे ते बनवले आहेत तिथे. म्हणून छातीत कळ, स्ट्रोकची लक्षणं किंवा मोठी दुखापत असेल तर स्वतःची गाडी काढण्याआधी आणीबाणीचा क्रमांक लावणं शहाणपणाचं. अँब्युलन्स मिळणारच नसेल आणि निघावंच लागलं, तर रुग्णालयाला वाटेतून फोन करून सरळ विचारावं: तुमच्याकडे आत्ता हा उपचार होतो का?

फोनवर पलीकडून एक प्रश्न हमखास येतो, आणि घाईत लोक त्याचं उत्तर अंदाजपंचे देतात: हे कधी सुरू झालं? स्ट्रोकमध्ये तर याहून नेमकं विचारतात, रुग्ण शेवटचा ठीकठाक कधी दिसला होता? झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली असतील तर उत्तर 'आत्ता' असं नसतं. रात्री झोपताना तो बरा होता, तर झोपायची वेळ सांगायची. साडेचार तासांचं घड्याळ तिथून सुरू होतं, आणि कुठली रुग्णालयं गाळणीत उरतील हे त्याच वेळेवर ठरतं.